करदोडा काढून घेतलेलं वजन

१२ जानेवारी १९७१, मंगळवार
मोताळ्याजवळचं शिबिर

गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात यंदापासून गावातल्या मुलांची वजनं घेणं आहे. त्याला गुण आहेत. मी आज ते काम नियमाप्रमाणे केलं. तरी मन लागत नाही.

सुमन आपली दहा महिन्यांची मुलगी घेऊन आली, सोबत सासू. मुलीच्या कमरेला चांदीचा करदोडा. मी तो काढायला सांगितला.

"राहू द्या ना ताई. तेवढंच जास्त भरन," ती हळूच म्हणाली.

सासूने ऐकलं आणि ती मला म्हणाली, "काऊन वो, चांदी येगळी तोलाले हे सराफाचं दुकान हाये काय?"

जमलेल्या बायका हसल्या. करदोडा दोन-तीन तोळ्यांचा असेल. आमच्या काट्यावर दिसलाही नसता. मग मी हट्ट का धरला?

सुमनने फास सोडलाच नाही. करदोडा नुसता खाली ओढला आणि तो पायांवरून निघून आला. "दिवाईले मामानं बांधला तवा घट्ट बसे..." म्हणता म्हणता ती थांबली. काटा पाहण्याआधीच तिला कळलं. मलाही.

वजन फार कमी भरलं. मी आकडा मोठ्याने वाचला, कारण तशी पद्धत आहे. आमच्या बाईंनी मुलीला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. सासू म्हणाली, "पाहू."

निघताना सुमनने विचारलं, "आज रातभर पाजतो तिले. उद्या फिरून तोलसान का ताई?"

मी हो म्हणाले. शिबिर आज संपलं. उद्या सकाळच्या एस.टी.ने आम्ही सगळ्या परत जाणार आहोत.