दुकानामागची खोली

प्रिय तेजू,

दिवाळीत तुझं हिमोग्लोबिन बघायचं म्हणून मी रक्त घेतलं, ते खोटं होतं. मला तुझा थायरॉईड तपासायचा होता. टीएसएच अठरा पूर्णांक सहा आलं. तुझ्या वयाला साधारण पाचच्या आत हवं. लॅबमध्ये नमुना पुन्हा मशीनला लावला, तरी तेवढंच. म्हणजे वर्गात डोळा लागणं, मे महिन्यात पांघरूण घेणं, पाळी दोन-दोन महिने लांबणं, हा तुझा आळस नाही. अव्वा म्हणते ना, "पोरगी हाय का अजगर? उठतच न्हाई!" तिला सांग, अजगराचा रिपोर्ट आलाय.

अप्पांना मी फोनवर सांगितलं. डॉक्टरला दाखवून गोळी सुरू करायला ते लगेच तयार झाले. पण तुझी गादी दुकानामागच्या खोलीतून हलवा म्हटल्यावर बिथरले. मग म्हणाले, "तीस वर्षं फवारणीची औषधं इकतोय, मला काय झालंय का? आता मीच गावाला सांगू, सिद्धलिंगचं दुकान त्याच्याच पोरीला बाधलं म्हणून?" आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

मी त्यांना दोष देत नाही. आपल्या दिंद्रुड गावात पोरींना अभ्यासाला वेगळी खोली देणारा दुसरा बाप मला माहीत नाही. पण जूनमध्ये तिथे औषधांची खोकी छताला लागतात, एखादी बाटली पाझरते, आणि त्या वासाची इतकी सवय होते की बाहेरची हवाच वेगळी वाटते. त्यातली काही रसायनं थायरॉईडच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. तुझं त्यानेच बिघडलं हे मी सिद्ध करू शकत नाही. घराण्यातूनही आलेलं असेल. तरी बिघडलेल्या ग्रंथीला रोज तिथेच झोपवणं मला पटत नाही. माझं शिक्षणही त्याच दुकानावर झालं. बोलले तर अप्पा मोडतात, नाही बोलले तर तू. चार वर्षं मी या दोहोंमध्ये अडकले आहे.

चार वर्षं का, तेही लिहिते. लॅबच्या कोर्सला आम्ही एकमेकींचं रक्त काढून शिकायचो. माझं टीएसएच बावीस आलं. मैत्रिणीला म्हटलं, नमुना खराब झाला असेल. नंतर गुपचूप डॉक्टरला दाखवलं. तेव्हापासून रोज उपाशीपोटी गोळी घेते, कॅल्शियमच्या डबीत लपवून. थायरॉईडपायी सुनिताआत्याचं ठरलेलं लग्न मोडलं, ते मी पाहिलं होतं. तोवर मी बीडला आल्यामुळे माझी ती खोली तुझी झाली होती. दहा वर्षांची होतीस, फोनवर आनंदाने ओरडत होतीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझं लपवायचं म्हणून तुझ्या खोलीचंही बोलले नाही.

हे पत्र वाचून लपवू नकोस. सोबत दोन रिपोर्ट आहेत, तुझा आणि माझा. शनिवारी दुपारी जेवताना अप्पा-अव्वा दोघांना मोठ्याने वाचून दाखव. दोन रिपोर्ट म्हणजेही पुरावा नाही, हे मला कळतं. पण अप्पांना एक नाकारणं सोपं गेलं, दोन जाणार नाहीत. रविवारी मला बघायला धारूरचे पाहुणे यायचे आहेत. त्यांना मी आजच स्वतः फोन करून माझ्या गोळीचं सांगितलं. ते बहुधा येणार नाहीत. अव्वा रडेल, रडू दे. तेवढ्यात तू तुझी गादी उचल आणि वर तिच्या खोलीत नेऊन टाक.

तुझीच, उशिरा बोललेली,
शिवानीअक्का