अमुरोनची खुर्ची

९ जानेवारी
नवीन वही, नवीन पद. चर्चच्या आंब्याखाली आज पालक गटाची सभा झाली आणि मला अध्यक्ष निवडलं. एकमताने. अपंग मुलांच्या अकरा आया आणि बाप मी एकटा. बायको अकिटेंग म्हणते, पेन तुमच्याकडेच होतं म्हणून निवडलं. घरच्यांना कौतुक नसतंच.
संकल्प : उद्यापासून अमुरोनचे व्यायाम मी घेणार. पोरगी सात वर्षांची झाली, अजून पाठ ताठ धरून बसता येत नाही. बापाने लक्ष घालायला हवं.

१० जानेवारी
व्यायाम राहिले. आधी कुठला पाय वळवायचा ते अकिटेंगला विचारणार होतो, पण ती अमुरोनला भरवत होती. भरवायला पाऊण तास लागतो म्हणे. एवढा का लागतो, याचा सवडीने अभ्यास करणार.

१६ जानेवारी
सभेत भाषण केलं. विषय : धीर कसा धरावा. दीड तास बोललो. शेवटी समोर तीन आया उरल्या, दोघींची मुलं झोपलेली. म्हणजे भाषणाने शांती लाभते.
नंतर एकीने विचारलं, अध्यक्ष, पोर घास गिळताना ठसकतं, काय करू? म्हणालो, धीर धर. तेवढ्यात अकिटेंग मध्येच उठली आणि हनुवटी कशी धरायची ते दाखवू लागली. गेलेल्या आठ जणी बघायला परत आल्या. सभेला काही शिस्त असते.

१९ जानेवारी
शाळेत गेलो. मोठ्या बाई मॅडम अकोल म्हणाल्या, पोर हुशार आहे हो, सगळं समजतं तिला, पण वर्गात आडवी कशी ठेवू? दोन फेब्रुवारीला शाळा उघडतेय. आधाराला टेकून बसली तर नाव घालते, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.
हे तिसरं ‘पुढच्या वर्षी’. अकिटेंग झपाझप पुढे चालली. अमुरोन तिच्या पाठीवर कापडात बांधलेली. मला वाईट वाटलं. ठरवलं, खुर्ची मी करणार.

२३ जानेवारी
तालुक्याहून फिजिओबाई आल्या, घरच्या घरी खुर्ची करायला शिकवलं. पुठ्ठ्याची खोकी, रद्दी आणि कसाव्याच्या कंदाच्या पिठाची खळ. थरावर थर चिकटवून उन्हात वाळवायचं, लाकडासारखी खुर्ची होते. आया पोरांना टेप लावत बसल्या. मी नाही लावला. आपल्या पोरीचं माप बापाला तोंडपाठ असतं.
संध्याकाळी आजोनो प्यायला बसलो. नाचणीची बिअर सगळे एकाच मडक्यातून ओढतो, नळी मात्र ज्याची त्याची. माझा मित्र एलुंगातने विचारलं, केवढी झाली रे पोरगी? हाताने दाखवलं आणि विसरायला नको म्हणून माझ्याच नळीवर चाकूने दोन खुणा केल्या, एक पाठीची, एक कमरेची. तो म्हणाला, गड्या, एकदा पोरीशेजारी धरून तर बघ. म्हणालो, तू तुझी नळी ओढ.

२८ जानेवारी
तिसरा थर. दुसरा कोंबड्यांनी खाल्ला.
अकिटेंग म्हणाली, तुम्ही आणलेला नाताळचा फ्रॉक पहिल्या दिवसापासून बसत नाही तिला, माप घ्या एकदा. फ्रॉक तिचं खातं, खुर्ची माझं.

१ फेब्रुवारी
खुर्ची तयार. निळा रंग दिला. सगळा गट बघायला आला, छोटंसं भाषण झालं. बसवून बघू म्हणाल्या. रंग ओला आहे म्हणून मी परवानगी दिली नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी सात
बसत नाही.
कंबरच आत जात नाही. म्हणालो, खुर्ची रंगाने फुगली असेल. अमुरोन खदखदून हसली. अकिटेंग हसली नाही. कापड माझ्या हातात देऊन म्हणाली, आज तुम्ही न्या.

दुपारी
बाजारातून गेलो, पोर पाठीवर. बायका हसल्या. एलुंगात सायकलवरून उतरला आणि वाट सोडून बाजूला उभा राहिला, ते जास्त लागलं.
मॅडम अकोल म्हणाल्या, खुर्ची कुठाय? पहिलीच्या बाकावर मीच बसलो, अमुरोनला पुढ्यात घेतलं, तिची पाठ माझ्या छातीला. मॅडम म्हणाल्या, आधार म्हटलं होतं मी, आहे आधार. नाव घातलं.
तीन तास. गुडघे हनुवटीला. हजेरीत तिचं नाव आलं तेव्हा अशी ओरडली की माझ्या कानाला दडे बसले. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. सात वर्षं अकिटेंगने हे ओझं वागवलं आणि मी धीरावर भाषण दिलं. लाज वाटली.

६ फेब्रुवारी
सभा झाली. अध्यक्ष अकिटेंग. एकमताने. माझ्याकडे खळ ढवळण्याचं काम आलं.
घरी येऊन नळी काढली, अमुरोनच्या पाठीला लावली. पाठीच्या खुणेपेक्षा अर्धी वीत जास्त भरली. तिने नळीचं टोक पकडून चावलं. चावू दिलं. मग नवी खूण केली.
जुन्या खुणेवर बोट फिरवलं. तेवढी ती चार वर्षांची असताना होती. मी तिला शेवटचं उचललं होतं ते तेव्हा.
दुसरी खुर्ची वाळेपर्यंत रोज आठला वर्ग आहे.