विलायती यंत्राची खंडेनवमी

मुक्काम सांगली,
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

चिरंजीव हंबीरराव, पेन्शनर सुभेदार, मुक्काम कडेगाव, यांस थोरल्या आक्काचे पोटभर आशीर्वाद. आयुष्य मोठं होवो, मिशी शाबूत राहो आणि राग निम्म्यानं तरी उतरो. इकडे सगळे खुशाल आहोत. माझे गुडघे बसताना कुरकुरतात आणि उठताना ओरडतात, बाकी मी ठणठणीत आहे. तुझा दमा कसा आहे? भावजय हरणाबाईचा हात भाजला होता तो बरा झाला का? म्हैस व्याली का? रेडा झाला असेल तर त्याचा दोष हरणाबाईला देऊ नकोस, मागच्या खेपेला दिला होतास.

आधी एक सांगून ठेवते. हे पत्र मास्तराकडून वाचून घेऊ नकोस. यात घरातलं बोलणं आहे आणि मास्तराच्या बायकोच्या तोंडाला झाकण नाही. तू पलटणीत अक्षर शिकलास, तर चष्मा लाव आणि स्वतः वाच. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी बोलते आणि घरातलं शिकलेलं माणूस लिहितं. आमची सूनबाई राहीबाई चौथी पास आहे हेही तुला ठाऊक आहे. (हे लिहिणारं माणूस माझ्या ‘हाय’चं ‘आहे’ करतं. मी रागावले, तर म्हणे पत्रात असंच लिहितात. तू वाचताना मनात पुन्हा माझं करून घे.)

तू दसऱ्याला सोनं द्यायला आला नाहीस. येणार नव्हतासच. गणपतीच्या आधी मारुतीच्या पारावर, चार माणसांत, मिशीवर हात ठेवून तू जे बोललास ते मोटारीच्या आधी सांगलीत पोचलं. ‘त्या आकारामाच्या हातचं एक अक्षर मी वाचायचा न्हाई, आन आक्काचा उंबरा चढायचा न्हाई.’ बोललास ते बोललास, वर इथल्या कोर्टात आपल्या सहीनं त्याच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद ठोकलीस. ज्या पोराला खांद्यावर बसवून उसाची कांडी दिलीस, त्याला तुरुंगात धाडायला निघालास. तारीख दिवाळीनंतरची आहे. तो माझा एकुलता एक नातू आणि तू एकुलता एक भाऊ. मी कोणाच्या बाजूनं रडायचं, तेवढं तरी फिर्यादीत घालायचं होतंस.

आता आकारामाचा धंदा मला पसंत आहे असं समजू नकोस. लोकांची पोरं मॅट्रिक होऊन कारकून होतात, आमचं मॅट्रिक होऊन चौकशा करतं. त्याच्या साप्ताहिकाचा संपादक निम्म्या पगाराऐवजी न खपलेले अंक देतो, त्यामुळे घरात पीठ नसलं तरी पीठ बांधायला कागद भरपूर. त्यानं पहिल्यांदा आमच्या पेठेतली भिशी उघडी पाडली. तिथं चिठ्ठी नेहमी भिशीवाल्याच्या सासूच्या नावानं निघायची, आणि सासू वारून तीन वर्षं झाली होती. ते छापून आलं त्याच दिवशी आमचं खोलीभाडं वाढलं, कारण आमचा घरमालक म्हणजे त्याच सासूचा जावई. मग एका देवळाच्या घंटेची वर्गणी निघाली. वर्गणी तीनदा जमली, घंटा एकदाही वाजली नाही. तेही यानं छापलं, आणि पुजाऱ्यानं मला तीर्थ द्यायचं बंद केलं. आता हा लग्नात गेला की आहेर मांडून घेणारा आधी घाम पुसतो. मुलगी बघायला गेलो, तर या शहाण्यानं मुलीचं नाव विचारायच्या आधी तिच्या बापाला विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर आहे? चहासुद्धा न घेता परतलो. (लिहिणारं माणूस म्हणतं, हे गाळा. मी काही गाळणार नाही.)

तर अशा पोराच्या वाटेत तुझी ती विजयलक्ष्मी कापड गिरणी आली. गिरणी काढणारा नानासो रेशमी पटका बांधून कडेगावात मोटारीनं उतरला, आणि म्हणाला की लढाई संपली, ब्रह्मदेशातनं पोरांनी धाडलेला पैसा गाडग्यात पुरून कुजवू नका, गिरणीचे शेअर घ्या. शेअर घेईल त्याच्या घरी दर दिवाळीला एक लुगडं, रेशनकार्डाच्या बाहेरचं. बायकांनी ‘लुगडं’ या शब्दाच्या पुढचं काही ऐकलं नाही. (मीही ऐकलं नाही. रेशनचं लुगडं एका धुण्यात चाळण होतं, त्यातनं पीठ चाळावं.) आणि जाहिरातीवर तुझा फोटो, छातीवर सगळी पदकं लावलेला. लोकांनी पैसे नानासोला दिले नाहीत रे, तुझ्या पदकांना दिले. आमच्या शेजारच्या अंबूबाईनं तर पोराचा बर्मातला सगळा पगार दिला. पोरगा हिवतापानं पोखरून परत आलाय, त्याच्यानं आता नांगर धरवत नाही.

विलायतेहून यंत्र आलं. मोठमोठ्या लाकडी पेट्या माधवनगरच्या टोकाला पत्र्याच्या शेडात येऊन पडल्या. तू डायरेक्टर म्हणून बघायला आलास, नानासोनं तुला फळीच्या फटीतून दातेरी लोखंडी चाक दाखवलं, आणि तू घरोघर शपथेवर सांगत सुटलास की यंत्र डोळ्यांनी बघितलं. आकारामनं आपली नेहमीची चौकशी केली. वर्ष उलटलं, पेट्या उघडत का नाहीत? चिमणी नाही, फिटर नाही, पाण्याला विहीर नाही, मग पेटीत यंत्र तरी आहे का? एवढंच छापलं. तुझं नावसुद्धा घातलं नव्हतं. पण ‘डोळ्यांनी बघितलं’ म्हणणारा एकटा तूच, त्यामुळे बाण तुला लागला.

मला तेव्हा वाटलं, हा तंटा आपणच मिटवावा. खरं सांगते हंबीरा, मी तुझ्या बाजूनं घरातनं निघाले होते. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, लोहार ऐरण पुजतो, शिंपी मशीन पुजतो, मग वीस गावांच्या बायकांचं यंत्र बिनपूजेचं का राहावं? आपण जाऊन यंत्राला हळदकुंकू लावायचं, चार बायकांनी ते बघायचं, संध्याकाळी आकारामचा कान धरून त्याला कडेगावला तुझ्या पाया पडायला आणायचं. असा माझा बेत. अंबूबाई आली, रंगुबाई आली, आणखी शेअरवाल्या बायका आल्या. सण आपला हत्यारांचा, त्यामुळे जिनं तिनं आपलं विळा-खुरपंही पूजेला घेतलेलं. रंगुबाईनं तर पहार आणली. टांगेवाला आम्हाला बसवून घ्यायला तयार होईना, म्हणाला, आज कुणाचा मुडदा पाडायचाय?

राखणदारानं दार उघडलं, सणाला बायकांना कोण अडवणार. आम्ही पेटीसमोर हत्यारं मांडली, झेंडू वाहिला. पण कुंकू लावायचं कुठं? फळीवर कुंकू लावून यंत्राला काय पोचणार? तेवढ्यात नानासो पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला, सुभेदारांची आक्का म्हणून फार गोड बोलला. मी म्हटलं, बाबा, एवढी पेटी उघड. तो म्हणाला, ‘आजी, विलायती यंत्राला इकडची हवा लागली की गंज चढतो.’

मी म्हटलं, ‘अरं, मग गिरणी काय पेटीतच चालवणार हाईस? आन नवरीला पेटाऱ्यात ठिवून हळद लावत्यात व्हय तुमच्याकडं?’

बायका हसल्या. तो नाही हसला. मला पहिल्यांदा तिथं काळजी वाटली, आणि ती तुझी वाटली, आकारामची नाही. नानासो म्हणाला, विलायती इंजिनेर आल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, मी आत्ता घेऊन येतो त्याला. असं म्हणून मोटारीत बसून गेला. (पेढ्याचा पुडा तेवढा विसरला. पेढे चांगले होते.) आम्ही वाट बघितली. इंजिनेर येईना. अंबूबाईच्या तळहातावरचं कुंकू घामानं ओघळायला लागलं. मग रंगुबाई उठली, आताच पुजलेली पहार तिनं फळीखाली घातली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दाबली.

वर गवत. गवताखाली विटा. दुसऱ्या पेटीत विटा, तिसऱ्या पेटीतही विटाच, सगळ्या आपल्याच भट्टीवरच्या. अंबूबाई जमिनीवर बसली ती बसलीच. आणि ज्या पेटीच्या फटीतून तुला यंत्र दाखवलं होतं, तिच्यात विटांच्या वर काय होतं ते आता सांगते. (पुढचं लिहायला लिहिणारं माणूस तयार नाही. टाक खाली ठेवलाय. मी म्हटलं, पत्र माझं आहे, उचल.)

चरक होता, हंबीरा. उसाचा जुना चरक. आणि वरच्या चाकाचा एक दात तुटका. तू दहा वर्षांचा असताना गंमत म्हणून त्यात पहार घातलीस, दात तुटला आणि आपल्या वडिलांनी, अण्णांनी, तुला गुऱ्हाळाच्या खांबाला बांधून ठेवलं, तोच आपला चरक. दोन वर्षांमागं तूच तो भंगारवाल्याला घातलास. तेव्हा तुझी शपथ खोटी नव्हती, दातेरी चाक तू बघितलंसच. फक्त आपल्या गुऱ्हाळातल्या चाकाला विलायतेला धाडून आणलंस.

आकाराम तिथंच समोर चहाच्या टपरीवर होता. तो महिनाभर तिथंच बसून असायचा, टपरीवाल्याला वाटायचं यंत्राच्या प्रेमात पडलाय. फळ्या उचकटल्याचा आवाज ऐकून आत आला. विटा बघितल्या, चाक बघितलं, तुटका दात बघितला, मग माझ्याकडं बघितलं. या चरकाचा रस पिऊनच तो वाढला, त्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? सायकलवर टांग मारून फौजदाराकडं गेला. नानासो मिरजेच्या स्टेशनावर सापडला, रेशमी पटका काढून उघड्या डोक्यानं बसला होता, तरी ओळखला. कंपनीचे पैसे बँकेतनं काढायला त्याला सवड झाली नव्हती. सरकारनं त्यावर टाच आणली आणि बायकांना बहुतेक सगळे परत मिळणार असं फौजदार स्वतः सांगून गेला. अंबूबाई त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जेवली, आणि मीही सुटकेनं अशी झोपले की सूनबाईनं नाकाशी हात धरून बघितला.

साप्ताहिकाचा खास अंक निघाला. तू तो वाचणार नाहीस, म्हणून मी सांगते. सगळा खपला. संपादकाला द्यायला रद्दीच उरली नाही, त्यामुळे आकारामला पहिल्यांदा पुरा पगार मिळाला. त्यात विटा छापल्या, नानासो छापला, माझी पहारसुद्धा छापली. (पहार रंगुबाईची. ती रुसली आहे.) पण चरकाचं काय छापलं माहीत आहे? ‘काही जुने लोखंड.’ संपादकानं खोदून विचारलं, कसलं लोखंड? हा म्हणाला, जुनं. एवढी मजेची बातमी हातात असून गप्प बसला. मेलेल्या सासूला ज्यानं सोडलं नाही, त्यानं तुला सोडलं.

वकील म्हणतात, कंपनी गेली तरी सुभेदारांची फिर्याद त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, ती त्यांनी काढून घेतल्याशिवाय मिटणार नाही. कोर्टात चरकाची ओळख पटवली तर एका तारखेत निकाल लागेल, पण हा गडी तोंड उघडायला तयार नाही. आणि ऐकते, तूही गोठ्यात तोंड लपवून बसला आहेस. बाहेर ये. फसलेल्यांत तू एक आहेस, फसवणाऱ्यांत नाहीस, हे बायकांना कळतं. अंबूबाईनं तुला रामराम सांगितला आहे.

हरणाबाईला आणि म्हशीला जपून राहायला सांग.

अंगठा तुझ्या आक्काचा.

ता. क. भाऊबीजेला ये. लुगडं आणू नकोस, कंपनीचं मिळालं नाही ते तुझंही नको. ओवाळणीत ती फिर्याद घाल. आधी कोर्टात जाऊन काढून घे, मग ताटासमोर बस. कोर्ट घराच्या वाटेवरच आहे.

दुसरं ता. क. येताना बैलगाडीचं बघ. फौजदाराच्या अंगणात चरक पडून आहे, त्याला मी हळदकुंकू लावलं आहे. आता तो भंगारात जायचा नाही.

तिसरं ता. क. तू म्हणाला होतास, आकारामच्या हातचं एक अक्षर वाचणार नाही. हंबीरा, राहीबाई चौथी पास आहे हे खरं, पण ती मघापासून चुलीपाशी आहे. म्हशीच्या चौकशीपासून इथपर्यंत सगळं त्याच्याच हातचं आहे, आणि तू चष्मा लावून स्वतः वाचलंस. अर्धी शपथ मोडली. उरलेली उंबऱ्यावर येऊन मोड.