तणसाच्या कोठीतल्या जमुनाबाई

ता. ९ जानेवारी १९४९
सौंदडहून गाडी आली. भासऱ्यांकडून, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाकडून, चिन्नोर तांदूळ एक पोते, घरचा. बाजारातून तीळ दोन शेर, दीड रु. गूळ तीन शेर, एक रु. दोन आणे. हळद पाव शेर, पाच आणे. वाणाला यंदा लाकडी कंगवे. जास्त करायचे नाही.
गाडीवानाजवळ निरोप: धानाची पोती ठेवायला मागची तणसाची कोठी पंधरा दिवसांत रिकामी हवी. घर दोघा भावांचे, त्यांचा हक्क आहेच.
पण कोठीत जमुनाबाई आहे, आणि तिची सात वर्षांची मोहिनी. सिंधमधल्या सक्करच्या. धर्मशाळेत जागा उरली नाही म्हणून ह्यांनी दिवाळीत घरी आणले. तिचा नवरा म्हणाला होता, दुकान विकून पुढच्या जहाजाने येतो. सव्वा वर्ष झाले. कल्याणच्या छावणीला तिने आमचाच पत्ता कळवलाय. इथून उठली तर त्याचे पत्र कुठे येणार.

ता. १२
भासरे स्वतः आले. मी दाराआड. ह्यांना म्हणाले, "सरकारनं कॅम्प काढले ना? मंग आपल्या कोठीत कायले?" ह्यांनी पानाचा डबा पुढे केला, तर म्हणाले, "माह्या गड्याच्या घरावर छप्पर नाही. तो पाकिस्तानातून आला नाही, म्हणून त्याले कोणी विचारत नाही."
राग आला होता, तो या बोलण्याने अर्धा गेला. खोटे नाही. धान भिजले तर वर्ष गेले, हेही खोटे नाही.
जमुनाबाई विहिरीवर होती. ऐकलेच असेल. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा ठेवायला आली, नेहमीसारखी. मोहिनीने विचारले, "मौसी, हम कहाँ जा रहे हैं?"

ता. १४, संक्रांत
तिळगूळ कोठीत नेऊन दिला. तिने माझ्या हातावर पापड ठेवला. लाटून विकते, पोट भरते. सोवळ्यातल्या सासूबाईंनी तो खाल्ला. "मिरं जास्त हाये," म्हणाल्या, अन् दुसरा मागितला.

ता. २१, शुक्रवार
हळदीकुंकू. जमुनाबाईला बोलावले होते. धुतलेली ओढणी घेऊन आली, ओळीत शेवटी बसली. मी करंडा घेऊन तिच्यापुढे आले तशा शेजारच्या मास्तरीणबाई बोलल्या, "हिच्या नवऱ्याचा पत्ता नाही, अन् तुम्ही कुंकू लावून राहिल्या?"
माझा हात थांबला.
जमुनाबाईनेच ओढणी कपाळावर ओढली. "रहने दो बहन. लगाऊँ तो डर, न लगाऊँ तो डर."
रोज पोथी वाचते, एकादशी मोडत नाही, आणि हात थांबला. हे इथे लिहून ठेवते.
सासूबाई विधवा, या दिवशी माजघरातून बाहेर येत नाहीत. आतूनच आवाज आला, "काऊन थांबली वं? मेल्याची खबर आली का? नाही ना? मंग सवाष्ण हाये ते. लाव."
लावले. घाईत कुंकू तिच्या नाकावर सांडले. मोहिनी हसली. मग तीही.

ता. २४
भासरे पोती घेऊन आले. सासूबाईंनी अंगणातच गाठले. "तुहा बाप रंगूनले गेला तवा तू चार वर्साचा. तीन साल चिठ्ठी नव्हती. कोनाच्या पडवीत राहिलो आपन?"
"माय, थे गाव आपलं होतं."
"आपलंच होतं. सख्ख्या काकानं बाहेर काढलं. ठेवलं कोष्ट्याच्या म्हातारीनं. ना जातीची, ना गोताची."
भासरे कोठीत शिरले, पावलांनी लांबी मोजली. मी दाराआडून बोलले, लग्नाला अकरा वर्षे झाली, पहिल्यांदाच. "पोती अर्ध्यात मावतील. मधे बांबूचा ताटवा घालावा. अन् मागे जुने कवेलू पडून आहेत, ते गड्याच्या छपराला न्यावे."
ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "ताटव्याले उंदीर मानते का?"
जमुनाबाई पुढे झाली. "चूहे मैं देखूँगी, भाईसाहब. बोरी फटी तो सी भी दूँगी."
"हं. होळीपर्यंत. तवरी खबर येऊ द्या. मंग पाहू."
मंग पाहू म्हणजे काय, ते मी विचारले नाही. जाताना गाडीत कवेलू भरून नेले. दोन पापडही, सासूबाईंनी दिलेले.

ता. २६
ताटवा झाला. पलीकडे धान, अलीकडे त्या दोघी. सगळीकडे नव्या धानाचा वास. मोहिनी पोत्यांवर चढते, आई रागावते.
आताशा जमुनाबाई टपालाच्या वेळेला फाटकाशी उभी राहते. टपालवाल्याच्या हातातून आमचीही पत्रे तीच घेते, उलटसुलट करून पाहते, मग मला देते. वाचता येत नाही तिला आपली अक्षरे. कोपरा फाटलेले कार्ड म्हणजे कुणी गेल्याची खबर, हे मात्र तिला शेजारणींनी सांगितलेय.
माझा दादा कल्याणला रेल्वेत आहे. त्याला लिहिले, नक्कल इथे ठेवते:
"ती. दादास सा. न. छावणीच्या रजिस्टरात स्वतः पाहावे. नाव लेखराज, सक्करचे, कापडाचे दुकान, डाव्या भुवईवर व्रण. कारकुनाच्या तोंडी उत्तरावर परत येऊ नये. चांगले असेल तर कार्ड टाका, सगळ्या आळीने वाचले तरी चालेल. वाईट असेल तर कार्ड नको. कोपरा फाडू नका. बंद पाकीट माझ्या नावे पाठवा, मी सांगेन तिला, जवळ बसून. काहीच कळले नाही तर तसे लिहा, तेही हवे आहे. पण उलट टपाली कळवा."