आक्काचा डबा

महादेवी आक्का, शरणु शरणार्थी.

पाळी जाताना माझ्या अंगाची आग व्हायची म्हणून तू मेडिकलमधून शतावरीचं चूर्ण आणून दिलंस. तसल्याच रिकाम्या डब्यात तू विभूती भरायचीस, त्यात तुझा रुद्राक्ष ठेवायचीस. दोन्ही डबे देवघरातच. तू गेलीस, आपल्या रीतीनं तुला मातीत समाधीत बसवलं तेव्हा रडत रडत मी विभूतीचा म्हणून एक डबा उचलला आन् तुझ्या अंगावर रिता केला.

आज उरलेल्या डब्याच्या तळाला तुझा रुद्राक्ष सापडला. म्हणजे चूर्ण तुझ्यावर पडलं, आन् मी रोज दुधातून विभूती पिऊन राहिले!

आग मात्र थांबलीय. पाय लई गार पडलेत.

तशीच तुझ्या समाधीवर गेले. पावसानं सगळी माती ओली, तुझ्यावरची तेवढी तव्यासारखी तापलेली.

आक्का, आत लई उकडून राहिलंय का गं?

तुझी धाकटी,
मंजुश्री