अहो, वाढलं

शिरूर,
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय मायाताईस,
सतीशचा सप्रेम जय भीम.

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. शेवटचं पत्र मामी गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतरचं. त्यात 'मामांकडे आता मी लक्ष देईन, तू नांदेडला निर्धास्त राहा' असं एक वाक्य होतं. (रोजनिशीत त्या पत्राची नक्कल आहे. काल काढून वाचली. वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे.) मधल्या काळात मोबाइलवर आपण एकमेकांना सणावाराला फुलं पाठवली, पण त्याला पत्रव्यवहार म्हणता येत नाही. तुझी कंबर कशी आहे? बँकेतली खुर्ची बदलून मिळाली का? दाजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहिलं होतं. खोडलं. खाडाखोड दिसतेय, त्याबद्दलही माफ कर.

माझी नोकरी तुला ठाऊक आहे, पण ती नेमकी काय आहे हे मलाही नीट सांगता येत नाही. रांजणगावच्या वसाहतीतली आमची कंपनी घरगुती वस्तू बनवते. म्हणजे जी वस्तू पिढ्यान् पिढ्या गप्प बसून नीट काम करत होती, तिच्यात काहीतरी नवं घालते. मी त्या वस्तूंसोबतचे मराठी कागद लिहितो. (मी येण्याआधी ते संगणक लिहायचा. कुकरच्या कागदावर 'झाकण लावताना स्वतःला आत ठेवू नये' अशी सूचना होती. ती कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.) आमच्याकडे चपात्या मोजणारं लाटणं निघालं. घरी सुषमानं ते आठवडाभर वापरलं आणि 'हे लाटणं आहे का एसटीचा कंडक्टर?' असं विचारून माळ्यावर टाकलं. डास मारायच्या रॅकेटच्या दांड्याला पाठ खाजवायचा पंजा बसवला होता. आमच्या स्टोअरमधल्या भिमानं घाईत उलटं टोक पाठीला लावलं आणि तो दोन दिवस रजेवर होता. दोन तोटीचा तांब्याही होता. पुढच्याला पाणी वाढताना मागचा भिजायचा. या सगळ्यांचे कागद मी मन लावून लिहिले. एम.ए.ला मराठी घेतलं तेव्हा हे डोळ्यांसमोर नव्हतं, पण शुद्धलेखनाची एकही चूक मी जाऊ दिलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना माझा दोष किती आणि शब्दाचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गेल्या वर्षी आमचे डिझाइनचे प्रमुख पृथ्वीराज सर यांनी बोलका डबा काढला. (सर अठ्ठावीस वर्षांचे, मी सेहेचाळीस. 'सर' म्हणताना जीभ अडखळत नाही. याचं वाईट वाटावं का, हा प्रश्न रोजनिशीत तीनदा आलाय.) डब्याच्या बुडाशी वजनाचा काटा आहे. आतलं धान्य तळाला गेलं की डबा जेवणाच्या वेळी, म्हणजे दुपारी सव्वाबारा आणि संध्याकाळी पावणेआठला, पुण्याच्या एका मुलीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात आठवण करतो. डबा भरेपर्यंत रोज करतो. आत तांदूळ आहेत की शेंगदाणे हे त्याला कळत नाही, त्यामुळे वाक्य एकच हवं होतं. पुण्याहून आलेल्या कागदावर होतं, 'हॅलो, संपलं.'

ते वाचल्यावर मला मामी आठवल्या. तुला आठवतं का, मी लहानपणी तुझ्या माहेरी सुट्टीला आलो होतो आणि 'मामी, पीठ संपलं' असं ओरडलो होतो? मामी चुलीपुढून उठून आल्या होत्या. "संपलं म्हणू नगं रं लेकरा. संपलेलं लई बघितलंय आमी. वाढलं म्हणावं." मामा खाटेवरून म्हणाले होते, "ताईबाई, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आन् तू पोराला अंधश्रद्धा शिकिवती." त्यावर मामी म्हणाल्या, "उपास तुमी बी काढल्यात. तवा ह्याला श्रद्धा म्हणा न्हाईतर काय बी म्हणा." हे सगळं आठवून मी मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो: बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात; नारळ फोडत नाहीत, वाढवतात; जुनी माणसं दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात; डबा 'संपलं' म्हणाला तर आमच्या बायका तो उंबऱ्याबाहेर ठेवतील. पृथ्वीराज सर म्हणाले, "पण सतीशजी, वाढलं म्हणजे इन्क्रीज ना? युजर कन्फ्यूज होईल." चार मीटिंगा झाल्या. चौथीत ते हरले (किंवा कंटाळले). त्या भरात मी 'हॅलो'चंही मराठी करून टाकलं. डबा आता म्हणतो, "अहो, वाढलं."

हे तोंडानं म्हणून बघ. मी तेव्हा म्हणून बघितलं नव्हतं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वीस घरांत डबे चाचणीला दिले. पहिली तक्रार निमोण्याहून आली. भागुबाईंच्या घरात भर दुपारी डबा बोलला, तेव्हा त्यांचे यजमान ओसरीवर होते. "ही कोण भवानी माझ्या नवऱ्याला अहो म्हनतीया?" इथून सुरुवात. मग गल्लीत बातमी गेली की भागुबाईचे गहू आपोआप वाढले, आणि आठ-दहा जणी बघायला आल्या. मी पोचलो तेव्हा त्यांनी डबा माझ्यापुढे पालथा केला. "बघा सायेब, वाढलं म्हनतोय, आन् आत खडखडाट! तुमच्या कंपनीसारखंच हाय ह्ये." मी त्यांना वाढण्याचे अर्थ समजावले. त्यांनी ऐकून घेतलं आणि डब्यात कपड्याचा साबण ठेवायला सुरुवात केली. कंपनीच्या अहवालात मी 'पर्यायी वापर' असं लिहिलं. ते खोटं नाही, पण ते लिहून झाल्यावर मी पेन जरा वेळ खाली ठेवलं.

त्या विसांतलाच एक डबा मी मामांना दिला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दौंडला गेलो होतो तेव्हा. दोन किलो इंद्रायणी तांदूळ मीच ओतले, मांडणीवर जागा करून डबा ठेवला, आणि लक्ष दिल्याचं समाधान घेऊन परत आलो. त्यानंतर चार महिन्यांत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा जेवणाची वेळ होती. 'जेवलात का?' 'व्हय, ताटावरच बसलोय.' फोन ठेवला.

गेल्या शुक्रवारी मोठी मीटिंग होती. पृथ्वीराज सरांनी भिंतीवर आलेख लावला. (डब्यात सिमकार्ड असतं. तो कधी बोलला हे कंपनीला कळतं.) बाकीच्या डब्यांच्या रेषा खाली लोळत होत्या, दौंडची एक रेषा सरळ वर गेली होती. नव्वद दिवस, रोज दोनदा, एकही खाडा नाही. सर म्हणाले, "हा युजर आपल्या डब्याच्या प्रेमात आहे. आणि याचं श्रेय सतीशजींच्या भाषेला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की दौंडचा तो डबा मामांचा आहे, आणि डबा रोज बोलतो याचा अर्थ डबा नव्वद दिवस रिकामा आहे. तरी मी टाळ्या पूर्ण केल्या. मायाताई, या पत्रात तुला एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेव. मग मला प्रशस्तिपत्र आणि दिव्याचं लिंबूपिळणं मिळालं.

काल रविवारी सकाळच्या गाडीनं दौंडला गेलो. वाटेत इनामगाव लागलं. कॉलेजात असताना सहलीला तिथली तीन हजार वर्षांपूर्वीची धान्याची बळदं दाखवली होती. तेव्हा मी वहीत 'मानवाची दूरदृष्टी' असं लिहिलं होतं. काल वाटलं, त्या बळदांचं एक बरं होतं, रिकामी झाली की गप्प रिकामी राहायची.

मी बाराला पोचलो. मामांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट होता, केस ओले करून विंचरलेले होते, आणि पॅन्टच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती. (एवढ्या वर्षांत आमच्या कंपनीला इतकं साधं आणि उपयोगी डिझाइन सुचलेलं नाही.) मला बघून ते खूश झाले, पण सारखे घड्याळाकडे बघत होते. बारा वाजून दहा मिनिटांनी म्हणाले, "बस जरा," आणि मोरीत जाऊन हात धुतले. जमिनीवर ताट मांडलं, पाण्याचा तांब्या ठेवला, मांडी घातली. सव्वाबाराला मांडणीवरून ती पुण्याची मुलगी म्हणाली, "अहो, वाढलं." मामा म्हणाले, "आलो, आलो." ताटात चार खारी बिस्किटं होती. ती त्यांनी चहात बुडवून, भातासारखी कालवून खाल्ली.

मी म्हणालो, "मामा, तो डबा 'संपलं' म्हणतोय."

"मला कळत न्हाई व्हय? तुझी मामी जल्मभर तसंच म्हनायची." त्यांनी बोटं चाटली. "पर अहो, वाढलं अशी हाक आल्यावर मानसानं काय करायचं? हात धुवायचे."

"पण डबा भरा ना. तांदूळ कुठायत?"

तांदूळ माळ्यावर होते, खताच्या पिशवीत, आणि त्यांना सोंडे लागले होते. एकदा त्यांनी डबा भरून बघितला होता म्हणे. "चार दिस मुका बसला. करमंना. पुन्हा वतून काढला." मग पिशवीतून तांदूळ घेऊन भात तरी करायचा, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "एकट्याला कुकर लावायचा म्हंजी अर्धी शिट्टी बी लाज काढती." आणि माझा चेहरा बघून हसले. "तू काय मला खुळा समजतो व्हय रं सत्या? डबा हाय त्यो. तीस वर्सं रेल्वेत काढली मी. स्पीकरमधली बाई डब्यात बसलेली नसती, येवढं कळतं मला. पर ती गाडी आली म्हनली की प्लॅटफारमवर बसलेला मानूस उठतोच का न्हाई?"

मी चार बिस्किटं खाल्ली आणि निघालो. निघताना ते म्हणाले, "लई वक्तशीर बाई हाय तुमच्या कंपनीतली. सांग तिला."

आता पेच असा आहे. उद्या, मंगळवारी, बाराला पृथ्वीराज सर कॅमेरावाल्यांना घेऊन दौंडला येणार आहेत. डबा बोलतो, आजोबा हसतात, उठतात, अशी जाहिरात करायची आहे. मामांनी फोनवर होकार दिलाय आणि शर्ट पुन्हा इस्त्रीला टाकलाय. ती जाहिरात झाली की डबा बाजारात जाईल, 'अहो, वाढलं' असंच म्हणत, किती घरांत कोण जाणे, आणि मला बढती मिळेल. आज दिवसभर मी सरांना खरं सांगायचं म्हणून त्यांच्या टेबलाजवळून चार वेळा गेलो. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "सतीशजी, वॉशरूम तिकडे हलवलंय का?" मी हो म्हणालो. मेलही लिहिलाय. ड्राफ्टमध्ये आहे. त्यात दोन ठिकाणी स्वल्पविराम कुठे द्यावा यावर अडलोय, हे मला स्वतःलाच खरं वाटत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू म्हणाली असतीस, नोकरी सांभाळ सतीश, मी बघते काय ते. आणि मी तुझं ऐकलं असतं, आणि पुढे म्हणालो असतो की ताईनंच सांगितलं. म्हणून पोस्टानं पाठवतोय. तुला मिळेल तेव्हा उद्याचा दिवस होऊन गेलेला असेल.

दाजींना जय भीम. कंबरेला जप.

तुझा,
सतीश

ता. क. १. वर लिहिलंय की मामींची आठवण झाली म्हणून मी शब्द बदलला. पुन्हा वाचताना ते फार चांगलं दिसलं, म्हणून शंका आली. आठवण झाली हे खरं. पण चौथ्या मीटिंगपर्यंत ती राहिली नव्हती. तेव्हा फक्त अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला मराठीत हरवायचं होतं.

ता. क. २. मामांनी हे तुला कळवायचं नाही असं बजावलंय. तेव्हा हे पत्र तुला आलंच नाही असं समज. पण दुपारी सव्वाबाराला त्यांना फोन करत जा. रोज. 'जेवलात का' असं विचारू नकोस. ते 'व्हय' म्हणतात आणि ताटावर बसलेले असतात, त्यामुळे ते खोटंही नसतं. 'ताटात काय वाढलंय' असं विचार. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. ३. पाच किलो तांदूळ आणून ठेवलेत. डबा भरला तर उद्या तो कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही. माझ्याशी मात्र बरेच जण बोलतील. सुषमानं पिशवी बघितली आणि म्हणाली, "डबा भराल हो. मामांना वाढणार कोण?" तिनं सकाळी लवकर कालवण करून द्यायचं कबूल केलंय. सातची गाडी आहे. आज रोजनिशी लिहिली नाही, हेच लिहीत बसलो, तेव्हा तिथली शेवटची ओळ इथेच लिहितो.

उद्या: सव्वाबाराच्या आत मामांना वाढणे.