जिन्यातला बल्ब सोडून सगळं इमर्जन्सी

८ एप्रिल १९९६, सोमवार
मगनशेठनी केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसला छोटा जनरेटर घेतलाय. त्याची लाइन वेगळी काढायची, जबाबदारी माझी. दोन कॉम्प्युटर, फॅक्स, टेलिफोन आणि चार ट्यूब एवढंच इमर्जन्सी. बाकी सगळं साध्या लाइनवर, लाइट गेली की बंद. शेठ म्हणाले, शालिग्रामभाई, जास्त लोड चढला तर मशीन बसेल. सगळे मागायला येतील, तुम्ही फक्त नाही म्हणायचं. एवढं जमलं तर इच्छापोरच्या नव्या ऑफिसचे मॅनेजर तुम्हीच.
मी म्हणालो, नाही म्हणण्यात माझा हात धरणारा अख्ख्या उधन्यात कोणी नाही.
मॅनेजर! घरी बायकोला, पार्वतीला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. आनंदाने बोलवेना बिचारीला.

१० एप्रिल
किसन वायरमनने काम सुरू केलं. इमर्जन्सीला लाल स्विच, ही माझी आयडिया. दुपारी चहावाल्या मालतीबाई आल्या, वॉटर कूलर लाल स्विचवर घ्या म्हणाल्या. साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, उन्हात कोणाला चक्कर आली तर? मुद्दा बरोबर होता. पाणी ही मुळातच इमर्जन्सी आहे. कूलर घेतला. ह्यापुढे कोणाचं काही ऐकायचं नाही.

११ एप्रिल
अकाउंटंट भाईदासला पंखा हवा. तोंडावर नाही म्हणालो. तो म्हणाला, साहेब, तुम्ही आमचे होणारे मॅनेजर, तुमच्याकडे नाही मागायचं तर कोणाकडे? ऑफिसात मला साहेब म्हणणारा हा पहिलाच. माणसाची पारख आहे त्याला.
पंखा दिला, पण दोन नंबरच्या स्पीडवरच चालवायचा ह्या अटीवर. शिस्त म्हणजे शिस्त. लक्ष ठेवायला भाईदासलाच सांगितलं.

१६ एप्रिल
टायपिस्ट वर्षा म्हणते, कॉम्प्युटर तापतो. टेक्निकल कारण. पंखा दिला. मग सोनाली रुसली. तिलाही दिला, भेदभाव नको. किसनला कशाचंच काही नाही. म्हणतो, वायर आहे, लावून देतो, साहेब.
तोही साहेब म्हणाला.

२५ एप्रिल
आज दूरदृष्टी दाखवली. शेठच्या केबिनचा एसी इमर्जन्सीवर घेतला. शेठनी मागितला नव्हता. मोठी माणसं मागत नसतात, आपण ओळखायचं असतं. त्यांना कळवलं नाही. सरप्राइज.

३ मे
काम पूर्ण. दोन्ही लाइन एकदम वेगळ्या. साध्या लाइनवर जिन्यातला बल्ब.
इच्छापोरला केबिन खिडकीजवळची घ्यावी.

६ मे
भिवंडीची पार्टी शेठकडे बसलेली असताना लाइट गेली. मी मुद्दाम केबिनच्या दारात उभा राहिलो. जनरेटर सुरू झाला, दोनदा कण्हला आणि बसला. कॉम्प्युटर बंद. वर्षाची सकाळपासूनची बिलं उडाली. फॅक्स अर्ध्यात अडकला.
शेठनी विचारलं, इमर्जन्सीवर काय काय आहे? सांगितलं. मग विचारलं, साध्यावर काय आहे? तेही सांगितलं. भिवंडीवाले खो खो हसले. शेठ हसले नाहीत.
जनरेटर हलक्या कंपनीचा दिसतो.

७ मे
इच्छापोरला भाईदास जाणार. शेठ रागावले नाहीत, नुसतं सांगितलं. किसन सकाळपासून वायरी काढतोय. भाईदासने जाताना 'चल रे शालिग्राम' म्हटलं.
फार वाईट वाटलं.
संध्याकाळी पार्वतीला सगळं सांगितलं. म्हटलं, दोष माझा नाही, मी प्रत्येकाला नाही म्हणालो होतो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, एक नाव सांगा. मी आठवत बसलो. मालतीबाई नाही. भाईदास नाही. वर्षा नाही.
मग तीच म्हणाली, मला म्हणालात. बहिणीच्या लग्नाला चार दिवस धुळ्याला जाऊ का विचारलं, तर कामाचे दिवस आहेत म्हणून लगेच नाही म्हणालात.
मी विचारलं, लग्न कधी आहे?
परवा झालं म्हणे.